गाडी रिकामी दिसते, तरी जागा नाही

पत्र:

«बार्शीत बसस्थानकाजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. लॅपटॉप पाच वर्षांपूर्वीचा, ८ जीबी रॅम, विंडोज १०. दिवाळीनंतर जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली. सुरुवातीला लॅपटॉप नुसता पळत होता. पण जूनपासून, प्रवेशाचे आणि दाखल्यांचे अर्ज सुरू झाले तसा ब्राउझर मध्येच गोठायला लागला. पान पांढरं पडतं, कधी 'आउट ऑफ मेमरी' असं येतं, कधी सगळी खिडकीच नाहीशी होते. परवा एका आजींचा अर्ज तीनदा भरावा लागला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. टास्क मॅनेजरमध्ये बघते तर मेमरी ७० टक्के. मग ३० टक्के रिकामी असताना मेमरी संपते कशी? एसएसडी बसवणारा मुलगा म्हणतो रॅम वाढवा. भाचा म्हणतो लिनक्स टाका. एका व्हिडिओत व्हर्च्युअल मेमरी रॅमच्या दीडपट ठेवा म्हणतात, दुसऱ्यात एसएसडीवर ती बंदच ठेवा म्हणतात. त्या मुलाने एसएसडी बसवताना ती बंद केल्याचं मला आठवतं. सी ड्राइव्हवर ११ जीबी जागा उरली आहे. टास्क मॅनेजरचा फोटो सोबत पाठवते. काय करू?»

(वाचकाच्या विनंतीवरून नाव छापलेलं नाही.)

ताई,

पत्रासोबत फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोतच आहे. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर 'मेमरी' निवडली की खाली बरेच आकडे येतात. सगळ्यांचं लक्ष जातं ते 'इन यूज'कडे. तुमच्याकडे तो ५.५ जीबी आहे, म्हणून तुम्हाला ७० टक्के दिसले. त्याच्या खालच्या ओळीत 'कमिटेड' असं लिहिलेलं आहे आणि त्यापुढे ७.६/७.८. तुमचा ब्राउझर पडतो तो या आकड्यापायी. डावीकडचा आकडा उजवीकडच्याला टेकला की विंडोज कोणालाही नवी मेमरी देत नाही, मग रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ३० टक्के मोकळी असो की ४० टक्के.

मोकळी असूनही देत नाही, हे पटायला जड जातं. पण तुमचं दुकान एसटी स्थानकाजवळ आहे, तेव्हा हे दृश्य तुम्ही रोज बघता. गाडी फलाटाला लागते. दार उघडायच्या आत खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या आत पडतात. आपण चढून बघावं तर निम्मी बाकं मोकळी. बसायला जावं तर शेजारचा म्हणतो, 'माणूस येतोय.' गाडी रिकामी दिसते आणि तरी जागा नाही.

प्रोग्रॅमही असेच वागतात. पुढे लागेल म्हणून मेमरी आधी धरून ठेवतात आणि धरलेल्यातली काहीच प्रत्यक्ष वापरतात. ब्राउझर तर यात सगळ्यात पुढे. तुम्ही अर्जाचं पान उघडता तेव्हा त्या पानातल्या चित्रांसाठी, त्यामागे चालणाऱ्या जावास्क्रिप्टसाठी, अजून न आलेल्या मजकुरासाठीही तो आधीच जागा धरतो. 'इन यूज' म्हणजे आत येऊन बसलेली माणसं आणि 'कमिटेड' म्हणजे पडलेले सगळे रुमाल, असं धरून चाला.

विंडोज हा या बाबतीत अतिशय काटेकोर कंडक्टर आहे. एकदा रुमाल पडू दिला की त्या माणसाला जागा मिळणारच, ही त्याची हमी. त्यामुळे ज्याची हमी देता येणार नाही असा रुमाल तो पडूच देत नाही. सरळ 'नाही' म्हणतो. आणि बहुतेक प्रोग्रॅम अशा तऱ्हेने लिहिलेले असतात की ऐन कामात मेमरीला 'नाही' ऐकलं की त्यांना पुढची वाटच उरत नाही. अर्ध्या मेमरीत पान चुकीचं दाखवण्यापेक्षा ब्राउझर ते पान बंद करतो. तेच तुमचं पांढरं पान. 'नाही' जर ब्राउझरच्या मुख्य भागाला ऐकावं लागलं, तर सगळी खिडकीच जाते.

आता उजवीकडचा आकडा. ही हमीची मर्यादा. ती दोन गोष्टींच्या बेरजेतून येते: रॅम आणि पेजिंग फाइल. पेजिंग फाइल म्हणजे डिस्कवर विंडोजने स्वतःसाठी राखलेली जागा. त्या व्हिडिओंत जिला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात ती हीच. सी ड्राइव्हवर ती 'पेजफाइल डॉट सिस' या नावाने लपवलेली असते. आषाढीला डेपोत जादा गाडी उभी असते ना, तशीच ही. मूळ गाडीत बाकं भरली तरी कंडक्टर रुमाल घेत राहतो, कारण मागे जादा गाडी आहे हे त्याला माहीत असतं. आणि यातली खरी मेख अशी की ती जादा गाडी डेपोतून हललीच नाही तरी तिचा उपयोग होतो. रुमाल टाकणारे बरेच जण शेवटी येतच नाहीत. पण गाडी उभी आहे म्हणून हमी देता येते.

तुमची मर्यादा आहे ७.८ जीबी, म्हणजे ८ जीबी रॅममधून लॅपटॉपच्या हार्डवेअरसाठी राखलेला थोडा भाग वजा करून उरते तेवढीच. पेजिंग फाइलचा वाटा शून्य. एसएसडी बसवणाऱ्या मुलाने जादा गाडीच रद्द करून टाकली आहे. हिवाळ्यात काम कमी होतं, एका गाडीत भागलं. जूनमध्ये गर्दी आली आणि भागेना.

त्या मुलावर रागावू नका. एसएसडीवर सारखं लिहिलं तर ती लवकर झिजते, म्हणून पेजिंग फाइल बंद करा, हा सल्ला पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जिकडेतिकडे दिला जायचा आणि अजून फिरतो आहे. तेव्हाही तो बरोबर नव्हता. विंडोज ७ येण्याच्या सुमाराला, २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी लोकांच्या संगणकांवरून आलेली माहिती तपासून सांगितलं होतं की पेजिंग फाइलवर एकदा लिहिलं जातं तेव्हा सुमारे ४० वेळा तिच्यातून वाचलं जातं. वाचल्याने एसएसडी झिजत नाही. शिवाय हे वाचन बारीक बारीक तुकड्यांचं असतं, आणि त्या कामात एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी चपळ. पेजिंग फाइलसाठी एसएसडी ही सर्वांत योग्य जागा, असंच त्यांनी लिहिलं होतं.

झिजण्याचा हिशेबही करून बघू. २४० जीबीच्या साध्या एसएसडीवर ८० टीबी, म्हणजे ८०,००० जीबी, लिहिण्याची हमी मिळते असं धरा. बाजारात या मापाची बरीच मॉडेलं तेवढी देतात. पेजिंग फाइलमुळे रोज १० जीबी जास्तीचं लिहिलं गेलं, आणि तुमच्या कामात ते एवढं होणार नाही, तरी ८,००० दिवस लागतील. म्हणजे जवळजवळ २२ वर्षं. तोवर लॅपटॉपच राहणार नाही. अर्जाला आलेल्या माणसाला तिष्ठत ठेवून वाचवावी अशी ही बचत नाही.

तेव्हा पहिलं काम, पेजिंग फाइल परत सुरू करा. पण त्याआधी सी ड्राइव्ह मोकळा करा. ११ जीबी उरली आहे म्हणता. त्यात जादा गाडी उभी राहील, पण गर्दीत तिला वाढायला वाव राहणार नाही. तुमच्यासारख्या दुकानात डेस्कटॉपवर आणि 'डाउनलोड्स'मध्ये काय साठतं ते मी पाहिलं आहे: स्कॅन केलेले दाखले, आधारची चित्रं, बँक पासबुकं, वर्षानुवर्षं. ती काढून टाका, नुसती दुसरीकडे हलवू नका. ज्यांचं काम झालं त्यांच्या आधारची प्रत तुमच्या लॅपटॉपवर पडून राहणं त्यांच्याही हिताचं नाही आणि तुमच्याही. मग रीसायकल बिन रिकामा करा. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम', त्यात 'स्टोरेज', तिथे 'टेम्पररी फाइल्स' आहेत. तिथून अपडेटचे जुने अवशेषही जातील. मात्र त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं, तेव्हा कशावर खूण आहे ते बघूनच पुसा. ३०-४० जीबी मोकळी झाली की पुढे जा.

स्टार्टच्या शोधचौकटीत 'परफॉर्मन्स' असं इंग्रजीत टाइप करा. 'ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज' ही ओळ दिसेल, ती उघडा. जी छोटी खिडकी येईल तिच्यात 'ॲडव्हान्स्ड' या पानावर जा. तिथे 'व्हर्च्युअल मेमरी' असा भाग आहे आणि त्याखाली 'चेंज' हे बटण. ते दाबलं की सर्वांत वर एक चौकट दिसते, तिचा अर्थ 'सगळ्या ड्राइव्हवरच्या पेजिंग फाइलचा आकार विंडोजनेच सांभाळावा' असा आहे. तिच्यात खूण करा, 'ओके' म्हणत बाहेर पडा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. विंडोज ११ असतं तरी हेच केलं असतं.

रीस्टार्टनंतर टास्क मॅनेजरमध्ये परत तीच ओळ बघा. उजवीकडचा आकडा ७.८ च्या वर गेलेला दिसला पाहिजे. गेला नसेल तर काहीतरी राहून गेलं, पुन्हा करा.

आता 'दीडपट'बद्दल. तो नियम विंडोज एक्सपीच्या काळातला. तेव्हा पेजिंग फाइलचा सुरुवातीचा आकार रॅमच्या दीडपट आणि कमाल तिप्पट, असं विंडोज आपोआप ठरवायचं. २५६ किंवा ५१२ एमबी रॅम असायची तेव्हा ते ठीक होतं. पण नीट विचार केला तर हा नियम उलटा आहे: ज्याच्याकडे रॅम कमी त्याला जादा गाडी मोठी हवी, आणि नियम त्यालाच छोटी देतो. विंडोजच्या अंतरंगावर ज्यांचा शब्द प्रमाण मानतात त्या मार्क रुसिनोविच यांनी २००८ मध्ये याला एक साधी रीत सुचवली. नेहमी लागणारं सगळं एका वेळी उघडा, ऐन कामाच्या घाईत कमिटेडचा डावीकडचा आकडा जास्तीत जास्त किती होतो ते टिपा, त्यातून रॅम वजा करा. उरेल तो पेजिंग फाइलचा किमान आकार, आणि त्याच्या दुप्पट कमाल आकार.

तुमच्यासाठी मी म्हणेन, पहिला आठवडा सगळं विंडोजवर सोडा. ते गरजेप्रमाणे फाइल वाढवतं. कमाल मर्यादा रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यांत जे जास्त ते, आणि तेही डिस्कच्या एकूण आकाराच्या आठव्या भागापेक्षा मोठं नाही. तुमच्या बाबतीत ती साधारण २४ जीबी येते. एवढं तुम्हाला कधीच लागणार नाही.

पण विंडोजवर सोडण्यात एक बारीकशी फट आहे, आणि तुमचं नशीब त्या फटीत सापडलं तर गोंधळ व्हायला नको म्हणून सांगतो. जादा गाडी डेपोतून बोलावायला वेळ लागतो. मर्यादा जवळ आली की विंडोज फाइल वाढवायला घेतं, पण तेवढ्या क्षणात एखाद्या पानाने एकदम मोठी मेमरी मागितली तर 'नाही' हेच उत्तर मिळतं आणि पान पडतं, जरी पुढच्या सेकंदाला जागा होणार असली तरी. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या लोकांना हेच दिसलं. लोकांचे ब्राउझर मेमरी संपून पडत होते आणि तपासलं तर कित्येकांची रॅम मोकळी होती, तुमच्यासारखीच. त्यांनी केलं काय, तर मेमरीला 'नाही' मिळालं की ब्राउझरच्या मुख्य भागाने लगेच मान टाकायची नाही, क्षणभर थांबायचं आणि पुन्हा मागायचं. बस्स एवढंच. सप्टेंबर २०२२ मध्ये फायरफॉक्सच्या १०५ व्या आवृत्तीत ते लोकांपर्यंत पोचलं. विंडोजवर मेमरीअभावी पडण्याचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त घटल्याचं त्यांचे अभियंते गॅब्रिएले स्वेल्टो यांनी लिहिलं आहे. मला ही गोष्ट फार आवडते. क्षणभर थांबून दुसऱ्यांदा विचारलं, तर इतका फरक पडला.

अर्थात डेपोत गाडी असेल तरच थांबण्यात अर्थ. पेजिंग फाइल बंद ठेवून फायरफॉक्स वापरलंत तर ते थांबेल, पुन्हा मागेल आणि शेवटी पडेलच.

तेव्हा आठवडाभरानंतरही एखादं पान पडलं, तर रुसिनोविच यांच्या रीतीने आकार स्वतः नेमा. समजा ऐन गर्दीत तुमचा डावीकडचा आकडा ११ पर्यंत गेला. ११ वजा ८, म्हणजे ३ जीबी किमान, ६ कमाल. खिडकीत हे आकडे एमबीत भरायचे असतात: ३०७२ आणि ६१४४. ब्राउझरची भूक दर वर्षी वाढते, म्हणून मी तुमच्या जागी किमान ४०९६ आणि कमाल १२२८८ ठेवीन. वरच्या चौकटीतली खूण काढा, सी ड्राइव्ह निवडा, 'कस्टम साइझ'मध्ये आकडे भरा आणि मग शेजारचं 'सेट' हे बटण दाबा. बरेच जण थेट 'ओके' दाबतात. 'सेट'शिवाय ते आकडे लागूच होत नाहीत, आणि आपण मात्र बदल केला या समजुतीत राहतो.

रॅम वाढवण्याबद्दल. त्या मुलाचं म्हणणं अगदी चुकीचं नाही, पण क्रम चुकला. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या शाखेत मला असाच त्रास बघायला बोलावलं होतं. १६ जीबीच्या संगणकावर ब्राउझर पडायचा. माझ्या आधी कोणीतरी रॅम ८ ची १६ केली होती, महिनाभर बरं चाललं आणि पुन्हा तेच. तिथेही पेजिंग फाइल बंद होती, पण तेवढंच नव्हतं. प्रिंटरसोबत आलेला एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम दिवसभर रुमाल टाकत राहायचा आणि एकही उचलायचा नाही. संध्याकाळपर्यंत त्याने साडेचार जीबी धरलेली असायची. टास्क मॅनेजरच्या नेहमीच्या यादीत मात्र तो जेमतेम ६० एमबी दाखवायचा, कारण ती यादी बसलेली माणसं मोजते, रुमाल मोजत नाही. म्हणून कोणाला संशय आला नव्हता.

तुमच्याकडे स्कॅनर आहे, प्रिंटर आहेत, अंगठ्याचं यंत्र असेल, डिजिटल सहीचं टोकन असेल. प्रत्येकाबरोबर असा एखादा मदतनीस येतो. तेव्हा हे नक्की बघा: टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स' या पानावर जा, वरच्या रकान्यांच्या नावांवर उजवं बटण दाबा, 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'कमिट साइझ' निवडा, आणि त्या रकान्यावर क्लिक करून मोठ्यापासून क्रम लावा. सकाळी दुकान उघडल्यावर एकदा बघा आणि संध्याकाळी एकदा. ब्राउझरच्या ओळी वर असतीलच, त्यांची चिंता नको. पण एखादं अनोळखी नाव सकाळी १०० एमबीवर आणि संध्याकाळी दोन जीबीवर दिसलं तर चोर सापडला. तो प्रोग्रॅम अद्ययावत करा, नाहीतर दुपारी जेवायच्या सुट्टीत लॅपटॉप रीस्टार्ट करण्याची सवय लावा.

विंडोज स्वतःही याची नोंद ठेवतं. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टिम' निवडा आणि २००४ हा क्रमांक गाळून बघा. 'रिसोर्स एक्झॉस्शन डिटेक्टर' या नावाने आलेली नोंद असेल तर तिच्यात व्हर्च्युअल मेमरी कमी पडली तेव्हा सगळ्यात जास्त कोणी धरली होती, त्या तीन प्रोग्रॅमची नावं आकड्यांसकट मिळतात. आजींचा अर्ज ज्या दिवशी तीनदा भरावा लागला त्या दिवसाची नोंद शोधा. मला वाटतं ती तिथे असेल.

हे सगळं करूनही रॅम लागेल का? लागू शकते, आणि ते कसं ओळखायचं तेही सांगतो. जादा गाडी हमीपुरती उभी असते तोवर काही जाणवत नाही. पण माणसं खरोखरच तिच्यात बसायला लागली, म्हणजे चालू कामातली मेमरी डिस्कवर जायला आणि परत यायला लागली, की सगळंच मंदावतं. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, साध्या एसएसडीवरून त्याच्या हजारपट वेळ आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून लाखपट. तेव्हा एखादं पान पडण्याऐवजी सबंध लॅपटॉप जड झाला, माउसही अडखळू लागला, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसली आणि 'रिसोर्स मॉनिटर'मध्ये 'हार्ड फॉल्ट्स'चा आलेख सतत शेकड्यांत राहिला, तर ती खऱ्या रॅमची टंचाई. तिथे पेजिंग फाइल कितीही मोठी करून उपयोग नाही. तुमच्या कामाचा पसारा बघता कधीतरी १६ जीबी करावी लागेल असं मलाही वाटतं. पण आज खर्च करू नका. आधी आठवडा जाऊ द्या.

भाच्याला सांगा, लिनक्स उत्तम आहे, पण या आजारावर तो उपाय नाही. लिनक्सचा कंडक्टर वेगळ्या स्वभावाचा. सगळे रुमाल टाकणारे येणार नाहीत हे धरून तो बाकांपेक्षा जास्त रुमाल पडू देतो. बहुतेक वेळा निभावतं. पण सगळेच आले तर तो कोणाला तरी उचलून खाली उतरवतो, आणि पुष्कळदा तो ब्राउझरच असतो, कारण सगळ्यात जास्त जागा त्यानेच अडवलेली. म्हणजे तिथेही आजींचा अर्ज जाऊ शकतो, आणि आधी सूचनाही मिळत नाही. शिवाय तुमच्या टोकनचं आणि अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, हे पक्कं झाल्याशिवाय चालतं दुकान हलवू नका. भाचा स्वतः लिनक्स वापरत असेल तर त्याच्यासाठी एक सूचना: ब्राउझरला आळा घालायला 'यूलिमिट' या लिनक्सच्या आज्ञेने व्हर्च्युअल मेमरीवर मर्यादा लावू नकोस. आजचे ब्राउझर पत्त्यांची प्रचंड मोठी जागा नुसती आखून ठेवतात, वापरत नाहीत. ती मर्यादा त्या आखण्यावरच बसते आणि ब्राउझर धड सुरूही होत नाही.

जाता जाता एक शंका मिटवून टाका. ब्राउझर ३२ बिटचा असेल तर पेजिंग फाइल कितीही असली तरी त्याची एकेक प्रक्रिया ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण ३२ बिटांत पत्तेच तेवढे मावतात. टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरच्या नावापुढे '३२ बिट' असं दिसलं तर तो काढून ६४ बिटचा घाला. नसेल दिसत तर हा विषय सोडून द्या.

आणि गोठलेलं प्रत्येक पान मेमरीचं नसतं. एकच पान अडलं, बाकीची चालतात, आणि ब्राउझर 'थांबू की बंद करू' असं विचारतो आहे, तर त्या पानाच्या मागची आज्ञावली अडकलेली असते. थोडं थांबा. अर्ज भरता भरता 'पुन्हा लॉगिन करा' आलं, तर ती त्या संकेतस्थळाने घातलेली वेळेची मर्यादा. त्यावर तुमच्या हातात एवढंच, की सगळे कागद आधी स्कॅन करून, मापात बसवून मगच अर्ज उघडायचा.

ब्राउझरमध्येही थोडं करण्यासारखं आहे. क्रोममध्ये किंवा एजमध्ये 'शिफ्ट' दाबून 'एस्केप' दाबलंत की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणतं पान किती मेमरी खातं ते पानाच्या नावासकट दिसतं. तिथे वर कोण असेल याचा माझा अंदाज: दिवसभर उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप वेब आणि मोठ्या पीडीएफ. क्रोमच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' आहे, तो सुरू करा. न वापरलेली पानं तो झोपवतो. पण तिथेच 'ही संकेतस्थळं नेहमी जागी ठेवा' अशी यादी आहे, तिच्यात अर्जांची संकेतस्थळं आठवणीने घाला. ग्राहक घरी दाखला आणायला गेला, तेवढ्यात अर्धा भरलेला अर्ज ब्राउझरने झोपवला असं व्हायला नको.

आणि एक सवय, जी मी तुमच्यासारख्या प्रत्येक दुकानाला सांगतो. प्रत्येक ग्राहकासाठी नवी 'गेस्ट' खिडकी उघडा आणि त्याचं काम संपलं की ती बंद करा. तिच्यातल्या पानांनी टाकलेले सगळे रुमाल त्याच क्षणी उचलले जातात, आणि त्या माणसाचं लॉगिनही मागे राहत नाही. आजींच्या नंतर बसलेल्याला आजींचं खातं उघडं सापडू नये, हे मेमरीइतकंच महत्त्वाचं आहे.

आधी डिस्क मोकळी करा, मग पेजिंग फाइल सुरू करा. रविवारी दुकान बंद असताना तासाभराचं काम. पुढच्या आठवड्यात ज्या दिवशी दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असेल त्या दिवशी बारा-एकच्या सुमाराला 'कमिटेड'च्या ओळीचा एक फोटो काढा, आणि 'कमिट साइझ'च्या यादीतली पहिली दहा नावं दिसतील असा दुसरा. दोन्ही मला पाठवा. रॅम घ्यायची की नाही ते त्यावरून सांगता येईल.